तीन भाषांची पाटी

२०२५ सालच्या एप्रिल ते जुलै या काळात महाराष्ट्रातील झाडून साऱ्या राजकीय पक्षांना एकाएकी पहिलीतल्या मुलाची आठवण झाली. १६ एप्रिल रोजी राज्य शासनाने निर्णय काढला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य राहील. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा आठवड्याभरातच 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती देत असल्याचे सांगण्यात आले. १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात 'अनिवार्य'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द येऊन बसला. पुन्हा गदारोळ झाला. अखेर २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला, दोन्ही निर्णय रद्द करण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. ५ जुलैला मुंबईत वरळी येथे, सुमारे दोन दशके एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले आणि विजयी मेळावा पार पडला.

विजय कोणाचा झाला, हे वर्तमानपत्रांनी आपल्याला सांगितले. परंतु ज्याच्या नावाने हा सारा सामना खेळला गेला, त्या पहिलीतल्या मुलाच्या पदरात काय पडले? नांदगाव तालुक्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत बसणाऱ्या मुलाच्या दप्तरातून, अजून न आलेले एक पुस्तक वजा झाले. यापलीकडे काही नाही. त्याच्या वर्गावर जो शिक्षक नव्हता तो आला नाही, आणि त्याच्या शाळेवर जी टांगती तलवार होती ती हटली नाही. प्रस्तुत लेखाचा रोख हिंदीवर नाही आणि मराठीच्या अभिमानावर तर मुळीच नाही. आपल्या मुलांच्या शिक्षणाचा वाद राजकीय पक्षांनी आपल्या सोयीच्या मैदानावर नेला, आणि आपण ख्रिस्ती कुटुंबेही प्रेक्षकांच्या रांगेत बसून राहिलो, याविषयी चार कडू शब्द बोलणे मला आवश्यक वाटते.

प्रथम पक्षांचा हिशेब करू. हा वाद पेटला तेव्हा सत्ताधाऱ्यांनी विरोधकांना त्यांचेच जुने कागद दाखवले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती महाविकास आघाडीच्या काळात, २०२० साली नेमली गेली होती. तिचा अहवाल त्याच सरकारने मंत्रिमंडळापुढे स्वीकारला आणि त्यात पहिलीपासून इंग्रजी व हिंदीची शिफारस होती, असे सांगण्यात आले. विरोधकांचे उत्तर असे की अहवाल ठेवून घेणे वेगळे आणि तो मुलांवर लादणे वेगळे. शाब्दिक चकमक म्हणून दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या. परंतु सामान्य माणसाने यातून एक सूत्र मात्र काढावे : जो कागद सत्तेत असताना सहीसाठी पुढे येतो, तोच विरोधात बसल्यावर फाडून दाखवण्यासाठी उपयोगी पडतो. कागद एकच, टेबलाची बाजू तेवढी बदलते.

आणि हे केवळ हिंदीपुरते खरे नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, काँग्रेस आघाडीच्या राजवटीत. त्यामागचा हेतू गरिबाच्या मुलालाही इंग्रजी मिळावी असा होता आणि तो प्रामाणिक होता, असे मी मानतो. परंतु त्यानंतर गेल्या पंचवीस वर्षांत, ही इंग्रजी शिकवायला त्या भाषेत सराईत असलेले शिक्षक खेड्यापाड्यांत पोहोचले का, याची विचारणा करण्यासाठी कोणत्या पक्षाने मेळावा भरवला? डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. तेव्हा विनोद तावडे शिक्षणमंत्री होते आणि भाजप व शिवसेना एकत्र सत्तेत नांदत होत्या. २०२३ साली समूह शाळेची कल्पना आली : आसपासच्या कमी पटाच्या शाळा मिटवून मुलांना एका मोठ्या शाळेत न्यायचे. राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची संख्या तेव्हा १४ हजारांहून अधिक होती आणि त्यांतील मुलांची संख्या पावणेदोन लाखांच्या पुढे. त्या वेळी एकनाथ शिंदे यांचे सरकार होते. म्हणजे कोणत्याही पक्षाच्या अंगावर डाग नाही असे नाही, आणि कोणताही एकच पक्ष तेवढा गुन्हेगार आहे असेही नाही. मराठी भाषेच्या नावाने जे गर्जतात, त्यांच्याच राजवटीत मराठी शाळांना कुलूप लागते. गोरगरिबांच्या नावाने जे कंठशोष करतात, त्यांच्याच राजवटीत गरिबांची शाळा दोन-तीन मैल लांब जाते.

आपल्याच नाशिक जिल्ह्यातली गोष्ट पाहा. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी ही धरणग्रस्तांची वस्ती. २०२२ साली तेथील शाळा बंद करून मुलांना दूरच्या शाळेत पाठवायचे ठरले, तेव्हा ती मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर चालत गेली. दप्तर परत घ्या आणि आम्हांला बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. शिक्षणावर आजवर महाराष्ट्रात पुष्कळ भाषणे झाली असतील. पण या मुलांनी एका वाक्यात जो उपरोध साधला, तो एकाही पुढाऱ्याला साधलेला नाही. शाळा नसेल तर आमचे भवितव्य काय, हे त्यांना ठाऊक होते. तेच भवितव्य त्यांनी दोरीला बांधून साहेबांच्या दारात आणून उभे केले.

आता नांदगावकडे वळू. आपला तालुका हा सरहद्दीचा तालुका आहे. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, खानदेश आणि मराठवाडा यांच्या वेशीवर तो वसला आहे. मालेगाव-चाळीसगावच्या बाजूच्या गावांत घरोघर अहिराणी बोलली जाते. तांड्यावर गोरमाटी आहे, भिल्ल वस्त्यांवर भिली आहे. मनमाड जंक्शनच्या फलाटावर आणि रेल्वेच्या वसाहतीत देशातल्या निम्म्या भाषा कानांवर पडतात. अशा तालुक्यात जो मुलगा पहिलीत जातो, त्याची घरची भाषा अनेकदा पुस्तकातली मराठी नसतेच. घरी तो 'मना' आणि 'तुना' म्हणतो. शाळेत त्याने 'माझा' आणि 'तुझा' असे लिहायचे असते. म्हणजे प्रमाण मराठी ही त्याची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. आणि ज्या हिंदीला शासनाने 'तिसरी भाषा' म्हटले, ती या मुलाच्या वाट्याला चौथी म्हणून येणार होती. मुंबईच्या व्यासपीठांवर तीनच भाषा मोजल्या गेल्या. चौथी कोणीच मोजली नाही, कारण ती ज्यांच्या तोंडी आहे त्यांची मते मोजली जातात, भाषा मोजली जात नाही. गंमत अशी की २०२५ मध्ये ज्यांच्या खात्यातून हे निर्णय निघाले ते शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे आपल्या शेजारच्या मालेगावचे. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीच्या उंबऱ्यावर किती अडखळावे लागते, हे त्यांना मुंबईच्या कोणत्याही पंडिताने सांगण्याची गरज नव्हती.

तिसऱ्या भाषेच्या बाजूने जे म्हटले गेले ते टाकाऊ होते, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा समतेचा होता. शहरातील श्रीमंतांची मुले केंद्रीय मंडळाच्या शाळांत तीन-तीन भाषा शिकतात. मग मराठी शाळेतल्या गरिबाच्या मुलाला दोनच भाषांवर का अडवायचे? लहान वयात भाषा लवकर येतात, मग उशीर का करायचा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. केवळ अस्मितेची आरोळी हे त्याचे उत्तर नव्हे.

उत्तर असे. भाषा लवकर येते ती कानांनी आणि माणसांमुळे. मनमाडच्या रेल्वे वसाहतीतले मूल हिंदी शिकते ते सोबत्यांबरोबर खेळताना. त्याला त्यासाठी शासन निर्णय लागत नाही. ज्या नामदेवांची हिंदी पदे शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने वाचली जातात, त्यांना ती भाषा कोणी अनिवार्य केली नव्हती. शाळेत मात्र भाषा येते ती शिक्षकामुळे, पुस्तकामुळे आणि वेळेमुळे; आणि नेमक्या याच तीन गोष्टींची आमच्या शाळांत वानवा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता! म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळायचे. एका भिंतीकडे पाहून बाराखडी सांगायची आणि दुसरीकडे वळून भागाकार. त्यातच निवडणुकीच्या याद्या आहेत, सर्वेक्षणे आहेत, भ्रमणध्वनीवर भरायची माहिती आहे. या दोन शिक्षकांच्या दिवसात पाच इयत्तांचे हिंदीचे पाच तास कोठून आणायचे? ते आणायचे तर मराठीच्या आणि गणिताच्या तासांतूनच कापून आणावे लागतात. श्रीमंताच्या मुलाला तिसरी भाषा मिळते ती वेगळ्या शिक्षकासह. गरिबाच्या मुलाला ती मिळाली असती पहिल्या भाषेच्या मोबदल्यात. याला समता म्हणत नाहीत.

जूनच्या सुधारित निर्णयात पर्याय ठेवला होता, हेही खरे. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेता येईल, परंतु त्यासाठी त्या इयत्तेत किमान वीस विद्यार्थी हवेत. तेवढे असतील तर शिक्षक देऊ, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवू, असा त्याचा आशय होता. वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. ज्या राज्यात १४ हजारांहून अधिक शाळांचा संपूर्ण पट वीसच्या आत आहे, तेथे एका इयत्तेत वीस मुले एकाच पर्यायी भाषेसाठी कोठून येणार? पर्याय कागदावर होता, आणि तो कागदावरच राहील अशी तजवीज त्याच कागदात होती. अशा सवलतीला आपल्या गावाकडे एक नेमका शब्द आहे : बोळवण.

जाणत्यांनी या प्रश्नाचा विचार पूर्वी केलेला नाही, असेही नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्राथमिक शाळेच्या पहिल्या टप्प्यावर एकच भाषा सक्तीची असावी, तीही मुलाची मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा, असे सुचवले होते. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणातले त्रिभाषा सूत्र माध्यमिक टप्प्यासाठी होते. महाराष्ट्रात हिंदी पाचवीपासून शिकवली जात होती आणि तिच्याविरुद्ध नांदगावात कोणी ब्र काढल्याचे ऐकिवात नाही. २०२० च्या नव्या राष्ट्रीय धोरणात लहान वयातच अनेक भाषांचा परिचय व्हावा असे म्हटले आहे, हे मान्य; परंतु त्याच धोरणात किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे आणि कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादू नये, असेही आहे. धोरणातले सोयीचे कलम तेवढे उचलणारा पक्ष आणि गैरसोयीचे कलम तेवढे दाखवणारा पक्ष, या दोघांनीही ते पूर्ण वाचण्याची तसदी घेतलेली नाही, असे म्हणावे लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचे श्रेय घ्यायला सारेच पुढे होते. अभिजात भाषेतली बाराखडी शिकवणारा शिक्षक नेमण्याचे श्रेय घ्यायला मात्र रांग लागल्याचे दिसले नाही.

येथवर पक्षांविषयी बोललो. आता आपल्याविषयी बोलू. आणि हे बोलणे अधिक अवघड आहे.

हा सारा वाद चालू असताना आपल्या समाजात जी प्रतिक्रिया सर्वत्र ऐकू आली ती अशी : 'आपल्याला काय त्याचे? आपली मुले कॉन्व्हेंटमध्ये जातात.' या एका वाक्यात आपली तीन-चार दशकांची वाटचाल आली. ज्या मिशनने नगर-नाशिकच्या खेड्यांत झाडाखाली शाळा काढल्या, ज्या मिशनच्या मास्तराने दिवसा शाळा घेतली, सायंकाळी प्रार्थना घेतली आणि रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षर ओळख करून दिली, त्या मिशनची भाषा मराठी होती. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे घेतले. ते आपले प्रॉटेस्टंट बंधुभगिनी होते. पण अक्षर दानाच्या या पुण्याईत आपल्या कॅथॉलिक मिशनचाही वाटा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी विचारले होते ते हेच की रयतेच्या करांतून वरच्यांची विद्यालये पोसता, मग रयतेच्या प्राथमिक शाळेचे काय? हा प्रश्न आज त्यांनी आपल्याला विचारला असता, तर आपण कोणते उत्तर दिले असते?

इंग्रजी माध्यमाकडे वळलेल्या पालकांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. ज्या समाजाच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजाने इंग्रजीत शिडी पाहिली यात नवल काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या, त्या आजही मिळालेल्या नाहीत. बाप्तिस्म्याने आपल्याला देवाची लेकरे केले. त्याच बाप्तिस्म्याने सरकारच्या यादीतून आपले नाव वगळले. अशा कुटुंबाकडे जमीन नाही, वशिला नाही, राखीव जागा नाही. शिक्षण हेच एकमेव भांडवल. म्हणूनच ते भांडवल कोठे गुंतवतो, याचा विचार इतरांहून आपण अधिक केला पाहिजे. आईबाप दोघेही मजुरीला जातात, घरात इंग्रजीचा एक शब्द नाही, शिकवणीला पैसे नाहीत. अशा घरातले मूल इंग्रजी माध्यमात घातले की पुष्कळदा ते पाठ करते पण समजत नाही, आणि मराठी वाचायला शिकतच नाही. इंग्रजी हा विषय उत्तम शिकवला जावा, यासाठी मी शेवटपर्यंत भांडेन. परंतु न समजणाऱ्या माध्यमात मूल घालणे म्हणजे त्याला शिडी देणे नव्हे. शिडीची तसबीर देणे होय.

याचे फळ आपण दर रविवारी पाहतो. व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वेदीजवळ जागा मिळाली. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या दिवशी प्रथम मराठीत मिस्सा ऐकला, त्या दिवशी देव आपल्या घरच्या भाषेत बोलला असे त्यांना वाटले असेल. आणि आज? पहिले वाचन करायला उभ्या राहिलेल्या मुलाला जोडाक्षरे वाचवत नाहीत. कोठे कोठे मराठी वाचन रोमी अक्षरांत लिहून त्याच्या हाती द्यावे लागते. ज्या मराठीची थोरवी फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आपल्या ख्रिस्तपुराणात गायिली आणि जे पुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले, त्या मराठीत त्याच फादरांच्या श्रद्धेचे वारस अडखळतात. ख्रिस्तपुराणही रोमी अक्षरांतच छापले होते, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आमच्याकडे खिळे आहेत, छापखाने आहेत, भ्रमणध्वनीवर देवनागरी आहे. नाही ती ओढ.

भाषा लादणे आणि भाषा सोडणे या दोन्ही पापांशी आपल्या ख्रिस्तसभेचा पूर्वी संबंध आलेला आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की प्रजेने तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी. आणि त्या हुकुमामागे आपल्याच एका संन्यासी संघाचा आग्रह होता. राज्य गेले, हुकूम गेला, कोकणी राहिली. अगदी अलीकडचाही धडा गोव्यानेच दिला आहे. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान मातृभाषेच्या माध्यमाशी जोडले गेले, तेव्हा तेथील धर्मप्रांताच्या शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान दिले. भाजपने त्याविरुद्ध रान पेटवले. आणि २०१२ मध्ये सत्तेत आल्यावर मनोहर पर्रीकरांच्या त्याच भाजपने अल्पसंख्याकांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले. यावरून संघाचे सुभाष वेलिंगकर त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, आणि २०१६ मध्ये त्यांना संघातील पद गमवावे लागले. पक्षांनी आपापली बाजू बदलली हे तर झालेच; पण आपल्या लोकांनीही शाळेचा प्रश्न मतांच्या बाजारात मांडला, हे नाकारता येईल का? जो समाज आपली शाळा मतांच्या मोबदल्यात राखतो, त्याने ती पुढच्या मोबदल्यात गमावण्याचीही तयारी ठेवावी.

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून बोलली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने नियम बदलून, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी जुलैत रद्द ठरवला. त्या वेळी शासनावर टीका करणाऱ्यांत आपणही होतो. परंतु अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटले होते. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे मत त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२५ मध्ये व्यक्त केले आणि प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. न्यायालय पुढे काय ठरवील ते ठरवो. घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला तो आपल्या अस्मितेच्या रक्षणासाठी, आणि तो प्राणपणाने जपला पाहिजे. पण गरिबाला जागा देण्याची आपल्यावर कायद्याने सक्ती नसली, तरी प्रेमाने बंदीही नाही. २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात महासभेने आपल्या शाळांना बजावले ते गरिबांची विशेष काळजी घ्या म्हणून. आपला अल्पसंख्याकांचा हक्क फीचा दर ठरवण्यापुरताच उरला, तर उद्या कोणी तो काढून घ्यायला आले, तेव्हा गावातला कोणता गरीब आपल्या बाजूने उभा राहील?

शुभवर्तमानात एक त्रिभाषा पाटी आहे. ती लावली पिलाताने, क्रुसावर, प्रभूच्या मस्तकावर. हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. राज्यकर्त्याच्या दृष्टीने तीन भाषांत काम चोख झाले होते, आणि पाटीवरील शब्दांवरून पुढाऱ्यांत वादही झाला. त्या पाटीखाली कोण टांगलेला आहे, याचे वाद घालणाऱ्यांना सोयरसुतक नव्हते. तो स्वतः गालिलातली खेडवळ बोली बोलणारा होता. त्याच्या शिष्याला, पेत्राला, शत्रूच्या अंगणात लोकांनी ओळखले ते बोलीवरूनच. आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ग्रीक भाषेत लिहितानाही 'अब्बा' आणि 'एफ्फाथा' हे त्याचे घरचे शब्द तसेच जपून ठेवले. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, तेव्हा त्याने जमलेल्या लोकांना एक भाषा शिकवली नाही. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येईल असे केले. भाषेविषयीचे ख्रिस्ती धोरण कोणाला हवे असेल, तर ते एवढेच आहे.

मग करायचे काय? जिल्हा परिषद असो, नगरपालिका असो वा विधानसभा, मत मागायला जो जो नांदगावात येईल, त्याला ख्रिस्ती कुटुंबांनी हिंदी की मराठी असे विचारू नये. त्या प्रश्नाची उत्तरे त्यांच्याकडे पाठ आहेत. त्यांना विचारावे : या गटातील शाळांत मंजूर शिक्षक किती आणि हजर किती? पाचवीपर्यंत तिसरी भाषा येणार नाही, हे तुमचा पक्ष सत्तेत गेल्यावरही लेखी म्हणेल का? कमी पटाची शाळा बंद करण्यापूर्वी तेथील पालकांची ग्रामसभा घ्याल का? अहिराणी, गोरमाटी आणि भिली बोलणाऱ्या मुलांसाठी पहिल्या दोन इयत्तांत त्यांच्या बोलीतून प्रमाण मराठीकडे नेणारी पुस्तिका व प्रशिक्षण द्याल का? शिक्षकाला वर्गाबाहेरच्या कामांतून मोकळे कराल का? हे प्रश्न रुक्ष आहेत, त्यांवर टाळ्या पडत नाहीत. म्हणूनच ते विचारले पाहिजेत.

आणि स्वतःलाही विचारावे. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांचा हक्क कायद्याने आहे. आपल्यापैकी किती जण तेथे जातात? ज्यांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत त्यांनी, आणि ज्यांच्या इंग्रजी शाळा आहेत त्या आपल्या संस्थांनीही, मराठी हा विषय उरकून टाकण्याचा न मानता मनापासून शिकवण्याचा मानावा. २०२० च्या कायद्याने तो सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहेच. सक्तीपेक्षा थोडे अधिक करणे, हे ख्रिस्ती शाळेचे लक्षण असावे. प्रत्येक धर्मग्रामात रविवारच्या धर्मशिक्षणाला जोडून अर्धा तास मराठी वाचनाचा असावा, आणि त्यात शेजारच्या वस्तीवरचे, कोणत्याही धर्माचे मूल येऊन बसले तर त्यालाही जागा असावी. महासभेने आईबापांना मुलांचे पहिले शिक्षक म्हटले आहे. या पहिल्या शिक्षकाची बदली होत नाही, त्याचे पद रिक्त राहत नाही आणि त्याला शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

पक्षांचे काय, ते पुन्हा भांडतील. समित्यांचे अहवाल येतील, स्वीकारले जातील, फाडले जातील. या धामधुमीत एका मुलाच्या हाती पाटी आहे आणि ती अजून कोरी आहे. तिच्यावर कोणत्या भाषेत लिहायचे याचा वाद घालणाऱ्यांनी, तिच्यावर पहिले अक्षर गिरवून द्यायला कोण बसणार आहे, हे आधी सांगावे. आणि ते सांगता येत नसेल, तर निदान आपण तरी त्याच्या शेजारी बसावे.